बैल नसलेल्या घरची पेरणी : संवर्धित शेती आणि अल्पभूधारकांची अन्नसुरक्षा

मी शाळेत जाऊ लागलो त्या काळात, म्हणजे १९८०च्या आसपास, मराठवाड्यातील आमच्या गावी मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की औतांची धांदल उडत असे. ज्यांच्या दावणीला बैल, त्यांची पेरणी आधी. त्यांच्या भावकीची त्यानंतर. आमच्या वडिलांनी कसलेले अडीच एकर गायरान होते, बैल नव्हते. बैलवाल्याच्या रानात चार दिवस राबावे तेव्हा एका दिवसासाठी औत मिळे, आणि तेही गावाची पेरणी उरकल्यावर. तोवर पंधरा दिवस उलटलेले असत आणि जमिनीतला वापसा निघून गेलेला असे. ज्वारी उशिरा उगवे, कणीस भरण्याच्या वेळी पाऊस निघून जाई आणि होळीच्या सुमारास कणगीचा तळ दिसू लागे. आपली जमीन हलकी म्हणून पिकत नाही, असे आम्हां भावंडांना वाटे. जमीन हलकी होतीच. परंतु आमच्या उपासमारीचे मोठे कारण त्या पंधरा दिवसांत होते, हे समजायला मला बरीच वर्षे लागली.

ते समजले एका दूरच्या देशाचा इतिहास वाचताना. वसाहतवादाचे प्रकरण शिकवण्याच्या निमित्ताने आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील जमीनविषयक कायदे मी वाचत होतो. आज झिंबाब्वे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशातील लहान शेतकऱ्यांची अडचण तीच निघाली : पाऊस पडलेला, बियाणे घरात, आणि नांगर ओढायला जनावर नाही. त्या अडचणीवर तिथे जे उपाय झाले, त्यांतून ‘संवर्धित शेती’ हा विषय मला प्रथम उमगला. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी आजही एक-दोन एकर जमीन आहे आणि पालकांपैकी बहुतेक जण तीच कसतात. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने तो विषय आपल्यापुढे मांडत आहे.

तीन तत्त्वे

संवर्धित शेतीची तीन तत्त्वे सांगितली जातात. पहिले, जमिनीची उलथापालथ कमीत कमी करणे. म्हणजे नांगरट न करता फक्त बी पडेल तेवढीच जागा उकरणे. दुसरे, जमीन उघडी न ठेवता पिकाचे धसकट, कडबा, पालापाचोळा यांनी ती झाकलेली ठेवणे. तिसरे, एकच पीक वर्षानुवर्षे न घेता फेरपालट व मिश्रपीक करणे, आणि त्यात तूर, मूग, चवळी, भुईमूग अशा द्विदल पिकांना जागा देणे. ही तिन्ही एकत्र पाळली तरच तिला संवर्धित शेती म्हणतात, हे ध्यानात ठेवावे. कारण पुढे येणाऱ्या साऱ्या यशापयशाचा उलगडा त्यातून होतो.

नांगरट टाळण्यामागील कारण समजून घेतले पाहिजे. नांगरलेली जमीन मऊ व भुसभुशीत दिसते, पेरणी सोपी होते, तण मरते. हे तिचे फायदे खरेच आहेत. परंतु माती उलटली की तिच्यातील सेंद्रिय पदार्थाला हवा लागते आणि जिवाणू तो झपाट्याने कुजवून संपवतात. मातीचे कण एकमेकांना धरून ठेवणारा हा पदार्थ कमी झाला की ढेकूळ पावसाच्या माराने फुटते, बारीक कण वरची छिद्रे बुजवतात आणि पृष्ठभागावर पापडी धरते. मग पाऊस जमिनीत मुरण्याऐवजी उतारावरून वाहतो आणि जाताना वरची कसदार माती घेऊन जातो. आच्छादन असेल तर थेंबाचा मार काडीकचऱ्यावर बसतो, पाणी सावकाश मुरते आणि पावसाने ओढ दिली तरी ओल काही दिवस अधिक टिकते. जमिनीत राहिलेल्या जुन्या मुळ्या कुजल्यावर त्यांच्या जागी पोकळ्या होतात व त्यांतून हवा-पाणी खेळते. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने या साऱ्याचा अर्थ एवढाच, की पडलेल्या पावसातला अधिक पाऊस त्याच्या पिकाला मिळतो.

जमीन हिरावलेल्यांचा देश

झिंबाब्वे १८ एप्रिल १९८० रोजी स्वतंत्र झाला. त्यापूर्वी तो ऱ्होडेशिया या नावाने गोऱ्या वसाहतवाल्यांच्या ताब्यात होता. १९३० सालच्या जमीनवाटप कायद्याने देशातील सुमारे अर्धी जमीन मूठभर गोऱ्या लोकसंख्येसाठी राखून ठेवली. बहुसंख्य आफ्रिकी जनतेला ज्या राखीव टापूंत ढकलण्यात आले, ते बव्हंशी कमी पावसाचे आणि ग्रॅनाइट खडकापासून बनलेल्या रेताड, निकस मातीचे होते. गाव ज्याला कसदार जमीन नाकारते त्याच्या वाट्याला माळरान येते, हा न्याय आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच राखीव टापूंत १९२६पासून एमरी आल्व्हर्ड नावाच्या अमेरिकी कृषितज्ज्ञाची सरकारने नेमणूक केली. त्यांनी बैलाचा नांगर, शेणखत आणि पिकांची फेरपालट यांचा प्रसार केला. उत्पन्न वाढले; पण नांगर आला तसा बैलवाला आणि बिनबैलाचा असा नवा भेदही रुजला. पुढे दुष्काळ आले. १९९१-९२च्या भीषण दुष्काळात त्या देशातील जनावरे मोठ्या संख्येने मेली. ज्यांचे बैल गेले, ते दुसऱ्याच्या बैलांची वाट पाहत बसले. तिथे पावसाळा नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल एवढाच, आणि कोरड्या टापूंत त्यातही लांब खंड पडतात. पेरणीला उशीर होईल तसे मक्याचे पीक घटत जाते.

या कोंडीतून निघालेली वाट अगदी साधी होती. १९८०च्या दशकात ब्रायन ओल्ड्रीव्ह या तेथील शेतकऱ्याने नांगर सोडून पेरणी करून पाहिली आणि हाताच्या कुदळीने करता येईल अशी पद्धत बसवली. उन्हाळ्यात, काम नसलेल्या महिन्यांत, ठरावीक अंतरावर वीतभर लांबी-रुंदी-खोलीचे खड्डे खणायचे. प्रत्येकात ओंजळभर शेणखत टाकायचे. पहिला चांगला पाऊस झाला, खड्ड्यात ओल साचली, की लगेच बी टोकायचे. बैलाची वाट पाहायची नाही. २००४नंतर परदेशी मदतीच्या कार्यक्रमांतून ही पद्धत हजारो गरीब कुटुंबांपर्यंत नेण्यात आली. आपल्या हैदराबादजवळील पाटणचेरू येथे मुख्यालय असलेल्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने तेथील बुलावायो केंद्रातून या कामात भाग घेतला. रासायनिक खत सगळ्या रानात न फेकता चिमूटभर, रोपाच्या मुळाशी देण्याचे तंत्र तिने या खड्ड्यांशी जोडले.

बावन्न ओळींचा हिशेब

२०२०-२१च्या हंगामात झिंबाब्वे सरकारने ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून हाती घेतली. तिचे नाव ‘फुमवुद्झा’. शोना भाषेत झाडांना नवी पालवी फुटण्याच्या काळाला हा शब्द आहे. तिचा आराखडा शिक्षक म्हणून मला फार आवडला, कारण तो चौथीच्या मुलालाही पाठ होईल.

३९ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असा तुकडा आखायचा. आपल्या हिशेबात सहा गुंठ्यांहून किंचित जास्त. त्यात ५२ ओळी. प्रत्येक ओळीत २८ खड्डे. प्रत्येक खड्ड्यात मक्याची दोन रोपे. एका ओळीतून सुमारे २० लिटरची एक बादली मका निघावा आणि तो सहा माणसांच्या कुटुंबाला एक आठवडा पुरावा. वर्षाचे आठवडे ५२, म्हणून ओळी ५२. तुकड्यात एकूण खड्डे १,४५६.

अन्नसुरक्षा हा शब्द आपण टनांत आणि कोटींत ऐकत आलो. येथे तो एका ओळीत आणि एका आठवड्यात मोजलेला आहे. आपले कुटुंब किती आठवडे खाईल, हे घरातील निरक्षर आजीलाही शेताच्या बांधावर उभे राहून मोजता येते. दहा ओळी वाळल्या तर दहा आठवड्यांची तजवीज आतापासून केली पाहिजे, हे भूक दारात येण्यापूर्वीच कळते.

फलश्रुती आणि तिच्या मर्यादा

एवढे वाचून ही पद्धत सर्व दुखण्यांवरचे औषध आहे असा समज कोणी करून घेऊ नये. झिंबाब्वेतील शेतकऱ्यांनीच तिला एक बोचरे नाव दिले : ‘धिगा उफे’, म्हणजे ‘खणा नि मरा’. भर उन्हात वाळलेल्या जमिनीत दीड हजार खड्डे खणणे हे हाडे खिळखिळी करणारे काम आहे. नांगर सोडला की तणही वाढते, आणि खुरपणीचे ते काम बहुतांश बायकांच्या पाठीवर पडते. सुगीनंतर गावची जनावरे रानोमाळ मोकळी सुटतात व आच्छादनासाठी ठेवलेला कडबा खाऊन टाकतात. अनेक कुटुंबांनी फुकट बियाणे-खत मिळते म्हणून ही पद्धत धरली आणि मदत थांबताच तिच्याखालील क्षेत्र कमी केले. नेदरलँड्समधील वॅगनिंगेन विद्यापीठाचे केन गिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हेच आक्षेप ठामपणे मांडले : कष्ट, चारा आणि खत यांचा विचार न करता आफ्रिकेतील प्रत्येक लहान शेतकऱ्यावर ही पद्धत लादू नये.

२०१५ साली ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात एक मोठे विश्लेषण प्रसिद्ध झाले. ६३ देशांतील ४८ पिकांवरील ६१० अभ्यास त्यात एकत्र केले होते. निष्कर्ष दोन प्रकारचे निघाले. केवळ नांगरट बंद केली आणि बाकी काही केले नाही, तर उत्पन्न सरासरीने घटते. मात्र कोरड्या हवामानाच्या पावसावरील शेतीत नांगरट बंद करण्याला आच्छादन व फेरपालट यांची जोड दिली, तर उत्पन्न वाढू शकते. वर म्हटले ते यासाठीच, की तीन तत्त्वे एकत्र असावी लागतात. एक घेऊन दोन सोडणाऱ्याच्या पदरी निराशा येते.

फुमवुद्झाच्या पहिल्याच हंगामात झिंबाब्वेत सरकारी अंदाजानुसार सुमारे २७ लाख टन मका पिकला. पण त्या वर्षी पाऊसही उत्तम होता, त्यामुळे सगळे श्रेय पद्धतीला देता येत नाही. उलट २०२३-२४मध्ये एल निनोमुळे पावसाने दगा दिला आणि एप्रिल २०२४मध्ये सरकारला दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर करावी लागली. पाऊसच नसेल तर खड्ड्यात साचणार काय? या पद्धतीने अतिदुष्काळ टळत नाही. जे वर्ष धड चांगले नाही आणि धड वाईट नाही, ज्यात पेरणी साधली तर पीक येते आणि चुकली तर जाते, अशा वर्षांत ती कुटुंबाला सावरते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या आयुष्यात अशीच वर्षे अधिक असतात.

बाबासाहेबांचा १९१८ सालचा युक्तिवाद

हे वाचताना मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा एक निबंध पुनःपुन्हा आठवत राहिला. भारतातील लहान धारणक्षेत्रे व त्यांवरील उपाय या विषयावरील त्यांचा हा निबंध १९१८ साली इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जमिनीचे तुकडे लहान म्हणून शेती तोट्यात, तेव्हा तुकडे जोडून मोठे करा, असा त्या काळी विद्वानांचा सूर होता. बाबासाहेबांनी प्रश्नच उलटा केला. धारणक्षेत्र लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही; ते कसण्यासाठी हाताशी भांडवल, अवजारे व श्रम किती आहेत यावर ठरते, असे त्यांनी दाखवून दिले. भांडवल अपुरे असेल तर मोठा तुकडाही तोट्याचा. शेतीवर पडलेला माणसांचा जादा भार उद्योगधंद्यांकडे वळवणे हा त्यांच्या मते खरा उपाय होता.

आमचे अडीच एकर या कसोटीवर तपासले तर काय दिसते? जमीन होती, श्रम होते. बैलजोडी, म्हणजे भांडवल, नव्हते. झिंबाब्वेच्या कुदळीने नेमके तेवढेच साधले : भांडवलाची अट काढून टाकली. किंमत मात्र श्रमात वसूल केली. शिवाय बाबासाहेबांचे बोट जिकडे होते ते विसरता येणार नाही. आपल्या माणसांनी सहा गुंठ्यांत समाधान मानावे असे त्यांनी कधीही सांगितले नाही. त्यांना शेतीवरचा भार कमी करायचा होता. आपली निवासी शाळाही त्यासाठीच आहे. खड्डे खणण्यात मुलांचे आयुष्य जावे म्हणून त्यांना कोणी येथे आणून सोडलेले नाही. परंतु मूल शिकून बाहेर पडेपर्यंत दहा-बारा वर्षे जातात आणि तेवढी वर्षे घर त्या दीड-दोन एकरांवर चालते. एका बुडालेल्या हंगामापायी शाळा सोडून ऊसतोडीला गेलेली मुले मी पाहिली आहेत. तो हंगाम वाचवणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

आपल्याकडे काय करता येईल

२०१५-१६च्या कृषी गणनेनुसार भारतातील सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर, तर अनुसूचित जातींचे ०.७८ हेक्टर, म्हणजे दोन एकरांच्या आत आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरचाच आहे. मात्र झिंबाब्वेचा खड्डा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. तो रेताड जमिनीसाठी आहे. आपल्या काळ्या भारी जमिनीत खड्ड्यात पाणी तुंबेल आणि मुळ्या कुजतील. येथे उंचवट्यावर, गादीवाफ्यावर पेरणी हवी.

तशी वाट महाराष्ट्रात निघालेलीही आहे. रायगड जिल्ह्यात नेरळजवळील चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘एसआरटी’ या नावाने ओळखली जाणारी सगुणा पद्धत विकसित केली. एकदा गादीवाफे करायचे व ते मोडायचे नाहीत, नांगरणी-चिखलणी बंद, बी साच्याने छिद्रे पाडून टोकायचे, कापणीनंतर मुळ्या जमिनीतच ठेवायच्या. भातापासून सुरू झालेली ही पद्धत पुढे कापूस, सोयाबीन, मका या पिकांसाठी मराठवाडा-विदर्भातही पोहोचली. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानेही तिचा प्रसार केला.

आपल्या दृष्टीने तीन गोष्टींचे भान हवे.

पहिली गोष्ट तणनाशकाची. नांगरट व कोळपणी सोडल्यावर तणाचा बंदोबस्त पुष्कळदा ग्लायफोसेटसारख्या रसायनाने केला जातो. २०२२ साली केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध घातले आहेत, आणि आरोग्याचा प्रश्न आहेच. त्याखेरीज आणखी एक हिशेब आहे जो पुस्तकांत सहसा सापडत नाही. खुरपणी ही आपल्या वस्तीतील भूमिहीन बायकांची पावसाळ्यातील हक्काची मजुरी. एका घरची खुरपणी वाचते तेव्हा दुसऱ्या घरची चूल अडते. म्हणून आच्छादन दाट ठेवून तण दाबणे आणि उरलेले हाताने काढणे हाच मार्ग, निदान लहान तुकड्यावर, मला योग्य वाटतो.

दुसरी गोष्ट पिकाची. झिंबाब्वेतील त्या ५२ ओळी घरी खायच्या मक्याच्या आहेत. आपण सर्व रान सोयाबीन किंवा कापसाखाली घातले तर माती सुधारेल, परंतु ताट भरेल की नाही हे बाजारभावावर ठरेल. २०१३च्या कायद्याने रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. डाळ नियमित मिळत नाही. काही गुंठे तरी ज्वारी, तूर, मूग, चवळी यांना राखून ठेवले तर फेरपालटही साधेल आणि मुलांच्या ताटात वरणही येईल.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट जमिनीच्या हक्काची. माती सुधारायला चार-पाच वर्षे लागतात. उद्या कोणी हुसकावून लावील अशी भीती ज्याला आहे, तो आज आच्छादन कशासाठी पसरवील? कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. १४ एप्रिल १९९०पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला. तरीही अनेकांच्या नावे अजून सातबारा नाही. म्हणून पीककर्ज नाही, विमा नाही, अनुदानाच्या योजनाही दारावरून निघून जातात. आपल्या माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत, तलाठी आहेत, कृषी सहायक आहेत. गावच्या एका-एका कुटुंबाचे कागद पुरे करून देणे हे त्यांच्या हातचे काम आहे, आणि मातीवरच्या कुठल्याही प्रयोगाची पहिली पायरी तीच आहे.

ज्यांना प्रयोग करून पाहायचा आहे त्यांनी सगळे रान एकदम पणाला लावू नये. पाच-सहा गुंठे निवडावेत. सुगीनंतर धसकटे उपटू नयेत, पऱ्हाटी व कुटार पेटवू नये. कडब्यातला काही भाग जनावरांना व काही जमिनीला द्यावा. बाजूच्या रानात नेहमीप्रमाणे पेरावे आणि तीन वर्षे दोन्हींचा खर्च, दिवस व उत्पन्न वहीत लिहून ठेवावे. शाळेत शिकणाऱ्या मुलीला ही वही सांभाळायला द्यावी.

आपल्या वसतिगृहामागे भिंतीलगत जो पडीक तुकडा आहे, तो मी परवा आठवीच्या विद्यार्थ्यांकडून टेप धरून मोजून घेतला. तो साडेसहा गुंठे भरला. येत्या पावसाळ्यापूर्वी तेथे गादीवाफे करून ५२ ओळी आखण्याचा आमचा विचार आहे; मक्याऐवजी ज्वारी आणि तूर. भोजनगृहाला त्यातून किती आठवडे भाकरी मिळते ते मुले मोजतील. ज्या माजी विद्यार्थ्यांना शेतीचा अनुभव आहे त्यांनी पेरणीच्या सुमारास एक दिवस काढून यावे, ही विनंती. औत आणण्याची गरज नाही.